क्षयरोगाच्या गोळ्या थांबवायच्या कधी?

"डॉक्टर, खोकला गेला, ताप गेला, वजन वाढले. आता गोळ्या पुरेत ना?" क्षयाचा जवळजवळ प्रत्येक रुग्ण दीड-दोन महिन्यांनी मला हे विचारतो. काही जण तर न विचारताच गोळ्या बंद करतात. म्हणून या आठवड्यात हाच विषय.

बरे वाटणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षयाचा जंतू मोठा संथ. साधे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, याला अठरा-वीस तास लागतात. भराभर वाढणारे जंतू औषधाने पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. खोकला थांबतो, भूक लागते, ती यामुळे. पण काही जंतू सुस्त पडून राहतात. त्यांच्यावर औषध सावकाश चालते. अशा वेळी गोळ्या थांबवल्या की हे उरलेले जंतू पुन्हा वाढू लागतात. अधूनमधून, अर्धवट गोळ्या घेणाऱ्याच्या अंगात तर औषधाला न जुमानणारे जंतूच शिल्लक राहतात आणि घरातल्या लेकराबाळांना तेच लागतात.

पूर्वी हा उपचार दीड-दोन वर्षे चाले. रिफाम्पिसिन हे औषध आल्यावर, 1970 च्या दशकातील चाचण्यांनंतर, तो सहा महिन्यांवर आला. आपल्याकडे साध्या फुफ्फुसाच्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज देतात. मणक्याचा किंवा मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर उपचार वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालतो.

मग थांबवायचे केव्हा? नुसते कॅलेंडर पाहून नव्हे. ठरलेले सर्व डोस पोटात गेले पाहिजेत, चुकलेले शेवटी भरून काढावे लागतात. दोन महिन्यांनी आणि उपचार संपताना बेडका तपासावा. त्यात जंतू दिसले तर औषध लागू पडते आहे की नाही, याची पुढची तपासणी करावी लागते.

उलट चूकही होते. एक्स-रे मध्ये डाग दिसतो म्हणून काही जण वर्ष उलटले तरी गोळ्या सोडत नाहीत. जखम भरली तरी व्रण राहतो, तसा हा डाग. मानेतली गाठही कधी कधी थोडी उरते. डोस पूर्ण झाले, बेडका स्वच्छ आला, वजन टिकले, की डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या निर्धास्तपणे थांबवाव्यात.

लघवी नारिंगी होणे हे औषध थांबवण्याचे कारण नव्हे, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होऊ लागली किंवा नजर अंधुक झाली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. कोणते औषध पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे ते ठरवतील.

आपल्या भागातून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगितले तर जिथे कोयता चालेल तिथल्या केंद्रात गोळ्या मिळण्याची सोय होते. सरकारी केंद्रात औषधे मोफत आहेत. पोषणासाठी मिळणारे दरमहा पाचशे रुपये नोव्हेंबर 2024 पासून हजार झाले आहेत. ते अंडी, डाळ, शेंगदाण्यांवरच खर्च व्हावेत.

गोळ्या संपल्यावरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे. मध्येच खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर घरात उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊ नयेत. आधी बेडका तपासावा.