मद्रासच्या सिल्व्हियाचा मागोवा

नॉर्मन पॉग्सन यांनी १८६१ ते १८८५ या काळात मद्रास वेधशाळेतून पाच लघुग्रह शोधले. त्यांतला सिल्व्हिया १६ मे १८६६चा. या पाचांनंतर भारतातून पुढचा लघुग्रह, रामानुजन, सापडला तो थेट १९८८ मध्ये, तमिळनाडूतल्या कावलूरला. मधल्या शतकाला आपण सहसा रिकामे म्हणतो. ते पटत नाही, कारण शोध ही ओळखीची केवळ सुरुवात असते. त्या रात्री कळले ते एवढेच, की ताऱ्यांमधून एक ठिपका सरकतो आहे. कक्षा पुढच्या वेधांनी निश्चित होत गेली: सूर्यापासून सरासरी ३.४८ खगोलीय एकके, एका प्रदक्षिणेला साडेसहा वर्षे. गुरूच्या ओढीमुळे ३.२८ एककांजवळ लघुग्रहांच्या पट्ट्यात मोठी पोकळी आहे. सिल्व्हिया तिच्या पलीकडे फिरतो. सव्वापाच तासांत स्वतःभोवती फिरणाऱ्या या काळपट, लांबट पिंडाचा सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर-पुणे महामार्गाच्या अंतराहून जास्तच. पण नुसत्या आकारावरून वस्तुमान कळत नाही. त्यासाठी १३५ वर्षे थांबावे लागले. २००१ मध्ये रोम्युलस आणि २००४ मध्ये रेमस हे त्याचे चंद्र सापडले, त्यांच्या फेऱ्यांवरून वस्तुमान निघाले आणि घनता पाण्याच्या जेमतेम सव्वापट ठरली. २००५ मध्ये म्हणूनच त्याला सैल दगडांचा ढीग म्हटले गेले. २०२१च्या अभ्यासात घनता थोडी वाढून १.३८ झाली, आणि आत घट्ट गाभा, बाहेर हलके थर असे चित्र पुढे आले.

यावर आक्षेप येईल की हे सारे हवाईतील केक वेधशाळेच्या आणि चिलीतील महाकाय दुर्बिणींचे श्रेय. त्यात लहान ठिकाणांचा वाटा कोणता? चंद्र त्या दुर्बिणींनीच दाखवले, हे खरेच. पण ६ जानेवारी २०१३ला सिल्व्हियाने एक तारा झाकला, तेव्हा युरोपभर विखुरलेल्या निरीक्षकांनी, त्यांत कितीतरी हौशी, तारा लपल्या-उगवल्याच्या वेळा टिपल्या आणि त्यांतून सिल्व्हियाची कड व रोम्युलसचा आकार मिळाला. अशा पिधानाची छाया अरुंद पट्ट्यातूनच जाते. त्या पट्ट्याबाहेरच्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीलाही काही दिसत नाही. तिथे निरीक्षकांची संख्या आणि घड्याळाची अचूकता निर्णायक ठरते. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९८८ मध्येच पुण्यात आयुका ही संस्था उभारली, ती विद्यापीठांतल्या अभ्यासकांना खगोलशास्त्राच्या सोयी मिळाव्यात म्हणून. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात किंवा पन्हाळ्यावर छोटी दुर्बीण, कॅमेरा आणि जीपीएसची वेळ घेऊन बसलेला गट पिधानाची नोंद आजही करू शकतो. छाया वरून जाणार असेल त्या रात्री आकाश मात्र निरभ्र हवे.