बोली टिपणारी माणसे

मुरबाडच्या बाजारपेठेत एखाद्या किराणा दुकानाच्या ओट्यावर तासभर बसावे. मराठीची तीन-चार रूपे सहज कानी पडतात. आगरी गिऱ्हाईक 'गाडी'ला 'गारी' म्हणते, 'घोडा' त्याच्या तोंडी 'घोरा' होतो, 'डोळा' 'डोला' होतो. कुणबी शेतकऱ्याची ढब निराळी. ठाकूरवाडी किंवा कातकरीवाडीवरून आलेले जोडपे दुकानदाराशी एका मराठीत बोलते आणि आपापसांत दुसऱ्याच बोलीत. दुकानदारही काही कमी नाही. घरात मारवाडी, गुजराती किंवा कच्छी, वहीत आणखी वेगळी भाषा, आणि गल्ल्यावर बसताच समोरच्याला समजेल अशी बोली. शहापूरची पेठही याच वळणाची. आसनगावला उतरून मानस मंदिराच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांच्या कानांवरून हे सारे नाद जातात, पण थांबून ऐकतो कोण?

ऐकून लिहून ठेवणारी माणसे फार थोडी झाली. त्यांतले एक जैन आचार्य होते. इसवी सन 779 मध्ये जाबालिपुरात, म्हणजे आजच्या राजस्थानातील जालोर येथे, उद्योतनसूरींनी 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात विजयपुरीच्या हाटाचे वर्णन येते. अठरा देशांचे व्यापारी तेथे जमले आहेत. आचार्यांनी प्रत्येकाची अंगकाठी आणि स्वभाव सांगितला, आणि प्रत्येकाच्या तोंडचे एकदोन शब्द जसेच्या तसे टिपले. त्यांचा मराठा व्यापारी धट्टाकट्टा, ठेंगणा, सावळा, सोशीक, मात्र अभिमानी आणि भांडखोर आहे. त्याच्या तोंडी आलेले शब्द 'दिले' आणि 'घेतले' या अर्थाचे आहेत. मराठीच्या आरंभीच्या खुणा शोधणारे अभ्यासक आजही या दोन शब्दांपाशी थबकतात. साधूने बाजारात कान द्यावा आणि देण्याघेण्याचेच शब्द नोंदवावेत, यात व्यापारी वाचकाला थोडे हसू आले तरी हरकत नाही. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी सिद्ध केली. तिचा पहिला भाग 1959 साली प्रसिद्ध झाला.

त्यानंतर मोठे काम झाले ते इंग्रजी अमदानीत. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील ठाकरी, आगरी, वारली, कातकरी अशा बोलींचे नमुने आहेत. नमुने मिळवण्याची रीत सरकारी होती. बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट ठिकठिकाणी पाठवायची आणि तिचे स्थानिक बोलीत भाषांतर मागवायचे. एकच गोष्ट सर्वत्र असल्याने तुलना सोपी झाली, हे खरे. पण ज्याने आयुष्यात कधी तशी गोष्ट सांगितली नाही, त्याच्या तोंडून आलेले भाषांतर म्हणजे त्याचे बोलणे नव्हे. शिवाय सारे कागदावर. ग्रियर्सनना ही उणीव जाणवली असावी, कारण पुढे त्यांनी अनेक भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरवून घेण्याची खटपट केली.

कागदाची अडचण काय, हे मराठी माणसाला एका उदाहरणात कळते. 'चार पेंढ्या चारा' असे लिहिले, तर दोन्ही 'च' सारखेच दिसतात. उच्चारताना मात्र पहिला 'च' टाळूपाशी होतो आणि दुसरा दातांपाशी. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हा फरकही कानालाच कळतो, डोळ्याला नाही. आपल्या प्रमाण भाषेची ही गत, तर जिला स्वतःची लिपीच नाही अशा कातकरी बोलीचे काय काय कागदावरून निसटत असेल!

स्वातंत्र्यानंतर ही उणीव भरून काढण्याचा ज्यांनी प्रयत्न केला, त्या डॉ. अमृत माधव घाटगे यांचे नाव जैन वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित असेल. अर्धमागधीची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. जैन साहित्याचा विशेष संदर्भ घेऊन भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सिद्ध होऊ लागलेल्या प्राकृत भाषांच्या बृहत्कोशाचे ते प्रमुख संपादक होते. आगमांच्या भाषेत आयुष्य घालवलेल्या याच विद्वानाने मराठीच्या बोलींवर पुस्तकांची एक मालाही लिहिली. तिचे पहिले पुस्तक 1963 साली आले. दक्षिण कानड्याची कोकणी, कुडाळी, कासरगोडची मराठी, कोचीनची बोली आणि ठाण्याची वारली, असा त्यांचा मुलूख. प्रत्येक पुस्तकात आधी ध्वनिविचार, मग व्याकरण, मग लोकांनी सांगितलेल्या गोष्टी आणि शेवटी शब्दसंग्रह. प्राकृताचा पंडित वारलीकडे वळतो, याचे काहींना नवल वाटते. वस्तुतः त्यात विसंगती नाही. प्राकृत हीच मुळी लोकांच्या तोंडची भाषा. प्रभू महावीरांची देशना अर्धमागधीत झाली आणि ती प्रत्येकाला आपापल्या भाषेत उमगली, अशी परंपरा आहे.

सध्या हे काम पुण्याचे डेक्कन कॉलेज पुढे नेत आहे. 1821 साली पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था 1934 मध्ये बंद पडली आणि 1939 मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. भारतात आधुनिक भाषाविज्ञान रुजवण्यात तिचा वाटा मोठा आहे. येथील भाषाविज्ञानाच्या प्राध्यापिका डॉ. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली, राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने, मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण झाले. ग्रियर्सनच्या रीतीतला दोष येथे टाळला आहे. 'हे वाक्य तुमच्या बोलीत सांगा' असे म्हटले की सांगणारा शाळेतल्यासारखा सावध होतो आणि प्रमाण मराठीची नक्कल करू लागतो. म्हणून त्याला लहान चित्रफिती दाखवायच्या आणि काय घडले ते सांगायला लावायचे. नात्यांचे शब्द विचारायचे, गोष्टी सांगू द्यायच्या. हे सारे ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर नकाशांसह ठेवले आहे. कोणता शब्द कोठे बोलला जातो, हे तेथे पाहता येते आणि बोलणाऱ्याचा आवाजही ऐकता येतो. यंत्र त्यात आहेच. पण परक्या अंगणात बसून, समोरची आजी मोकळेपणी बोलू लागेपर्यंत थांबणे, हे यंत्राचे काम नव्हे.

हा सगळा खटाटोप केवळ विद्वानांसाठी असता, तर या पानांवर त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. शहापूर-मुरबाडच्या शाळांत त्याचा संबंध थेट मुलांच्या भवितव्याशी येतो. सहा वर्षांचे ठाकूर किंवा कातकरी मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातील मराठी त्याला अर्धीमुर्धी परकी असते. त्याने 'घोरा' लिहिले की वहीवर लाल फुली पडते. त्याच्या घरात ती चूक नसते. सारी वाडी तसेच बोलते. अशा फुल्या साचत गेल्या की मूल प्रथम गप्प होते आणि पुढे शाळेत यायचे थांबते. ज्यांच्या घरी आजी मारवाडीत हाक मारते आणि नातू इंग्रजीत ओ देतो, त्यांना हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही.

शहापूरला लागून असलेल्या वाडा तालुक्यात, सोनाळे येथे निलेश निमकर यांनी स्थापन केलेली 'क्वेस्ट' ही संस्था नेमक्या याच ठिकाणी काम करते. तिच्या 'गोष्टरंग' या उपक्रमाची धुरा अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांनी वाहिली. तरुण कलावंत मुलांच्या पुस्तकांतील गोष्टी आश्रमशाळांत जाऊन नाटकासारख्या सादर करतात. आवाज, ताल आणि हावभाव यांतून आधी गोष्ट मुलांच्या कानात शिरते. छापील अक्षर मागून येते. तारफ्याच्या सुरावर वाढलेल्या मुलांना हा क्रम मानवतो. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचा जो पाया घातला, त्याच मुलखातले हे काम आहे.

एक अडचण मात्र कोणत्याही यंत्राने सुटणारी नाही. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन कातकरी कुटुंबे वाडी सोडतात. मुलेही बरोबर जातात. पौष-माघात ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन कोणी गेले, तर पुष्कळ झोपड्यांना कुलूप आढळते. माणसे परततात ती पावसाच्या तोंडावर. पेठेतील जुन्या दुकानदारांच्या उधारीच्या वहीला हे वेळापत्रक चांगले ठाऊक असते. बोली ऐकायची असेल, तर जायचे ते आषाढ-श्रावणात, चिखल तुडवीत.