कोपरखैरण्यातला एक दिवस: फिरणं, खाणं आणि फील्ड नोट्स

"फील्डवर्क म्हणजे काय, फिरायचं आणि खायचं!" असं घरचे मला चिडवतात. अर्धं खरंच आहे ते. उरलेलं अर्धं काय, ते माझ्या कोपरखैरण्यातल्या पहिल्या दिवसावरून सांगते. त्या दिवशी माझं चुकलं होतं, म्हणून तो दिवस उदाहरण म्हणून बरा.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने सकाळी उतरले. जाण्याआधी वाचून ठेवलं होतं: १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांची चळवळ, मुंबईतले घाऊक बाजार तुर्भ्याला हलल्यावर सिडकोने इथे माथाडींसाठी बांधलेली छोटी बैठी घरं. त्यातल्या बऱ्याच घरांवर आता मजले चढलेत. बरेच माथाडी सातारा-सांगलीकडचे, हेही वाचलं होतं.

दुपारी एका गाडीवर ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा खाल्ला. खाता खाता वहीत लिहिलं: 'माथाडी वस्तीतलं साताऱ्याकडचं जेवण.' मनात म्हटलं, चला, पहिली नोंद झाली!

गाडीवरच्या ताईंनी वहीकडे पाहिलं. "काय लिहिताय? गाडी उचलायला येणार का कोणी?"

मी वही मिटली. कोण आहे, काय शिकते ते सांगितलं. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. मग ताई बोलल्या. त्या मराठवाड्यातल्या, घरात कोणी माथाडी नाही आणि त्यांचं बहुतेक गिऱ्हाईक ऑफिसवालं. म्हणजे माझ्या एका ओळीत साताराही चुकला आणि माथाडीही. मी ताटात जे होतं ते लिहिलंच नव्हतं, वाचून आलेलं लिहिलं होतं.

क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने जावा-बालीत काम केलं. १९७३ च्या पुस्तकात त्याने गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाचं एक उदाहरण घेतलंय. पापणी आपोआप फडफडणं आणि मुद्दाम डोळा मारणं, लांबून दोन्ही सारखंच दिसतं. फरक अर्थाचा असतो, आणि तो कळायला त्या माणसांचा संदर्भ कळावा लागतो. भाकरीचंही तसंच आहे.

तेव्हापासून मी पानावर तीन रकाने आखते: पाहिलं, ऐकलं, वाटलं.

त्याच दुपारचं उदाहरण घ्या. आखीव सेक्टरमधून बोनकोडे गावात शिरलं की रस्ते एकदम अरुंद होतात. एका ओट्यावर सुकट वाळत होती. हे 'पाहिलं'. घर आगऱ्यांचं असावं, हे 'वाटलं'. तिथे भाडेकरूही राहत असू शकतात. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पूर्वी इथं सगळी भातशेती होती." हे 'ऐकलं'. ते जुन्या नकाशांशी ताडून पाहायचं, पण आजींना आज काय आठवतं, हीसुद्धा माहितीच असते.

संध्याकाळी सेक्टर १४ च्या निसर्ग उद्यानात बसून नोट्स पूर्ण केल्या. ही बाग जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभी आहे. नुसतं पाहून ते कळलं नसतं!

फील्डला निघताना एवढं लक्षात ठेवा:

१. आधी ओळख सांगा, मग वही उघडा.
२. जागेवर शब्द टिपा, पूर्ण नोंद त्याच रात्री लिहा. झोपेनंतर 'वाटलं' हळूच 'पाहिलं' होऊन बसतं.
३. चुकलेली ओळ खोडून टाकू नका. शेजारी तारीख घालून दुरुस्ती करा. आपण कुठे घसरतो, ते तिथेच दिसतं.
४. तुमच्या नोंदीमुळे कोणाचं पोट धोक्यात येईल का, हे विचारा. नावाऐवजी खूण वापरा, नेमकी जागा गाळा.

निघताना ताई म्हणाल्या, "लिहा, पण गाडी कुठं लागते ते नको."

म्हणून या लेखात बागेचा सेक्टर आहे, गाडीचा नाही.