फुंकर आणि चुन्याची निवळी

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचा प्रयोग शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो. निवळी दुधाळ होते, बाई ‘कार्बन डायऑक्साइड’ असं फळ्यावर लिहितात आणि तास संपतो. मी मात्र त्या दिवशी नळी सोडली नाही. दम लागेपर्यंत फुंकत राहिलो आणि बघता बघता ते दूध पुन्हा नितळ झालं. बाईंनी परीक्षानळी उजेडात धरून समजावलं, की पांढरेपणा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. वायू आणखी मिळाला की तेच विरघळतं, बायकार्बोनेट होऊन पाण्यात दिसेनासं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की शंख, शिंपला, कालवाचं कवच, प्रवाळ हे सारं त्याच पांढऱ्या गाळाचं बांधकाम आहे. तेव्हापासून नागपूरच्या या माणसाला समुद्राचं वेड लागलं.

नेहमीची माहिती थोडक्यात सांगतो. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. औद्योगिक युगाआधी हवेत हा वायू दहा लाखात 280 भाग होता, आता तो 420च्या वर गेला आहे. समुद्राच्या वरच्या थराचा सामू (pH) 8.2 वरून 8.1च्या आसपास उतरला. फरक एवढासा दिसतो, पण मोजपट्टीच अशी आहे, की त्यात हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून अधिक वाढतात. समुद्र आंबट झालेला नाही, अजून अल्कधर्मीच आहे. मात्र कवच बांधायला लागणारे कार्बोनेट आयन कमी झाले. किनाऱ्यालगत सांडपाण्याची भर पडते. खाडीत मैला कुजतो तेव्हा प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो.

आता माझ्या आवडीच्या मुलखात येतो. झिरो माइलच्या या शहराचा समुद्राशी काय संबंध, असं मला नेहमी विचारतात. मी त्यांना चंद्रपूरकडे, गडचांदूरच्या बाजूला घेऊन जातो. तिथला पैनगंगा गटाचा चुनखडक जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. शंख-शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर यायच्या आधीचा. पहिल्यांदा त्या राखी थरांवर हात ठेवला तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. हाच दगड सिमेंटच्या भट्टीत जातो. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली, तर 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टीच्या कोळशाचा धूर वेगळाच. म्हणजे एका समुद्राने युगानुयुगं दगडात कोंडलेला वायू आपण मोकळा करतो आणि त्यातला वाटा आजच्या समुद्रात जाऊन मिसळतो. कोराडीच्या आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची धुरांडीही त्याच पाण्यात फुंकर घालतात. विदर्भाला किनारा नाही, हे मला म्हणूनच पटत नाही.

आणखी एक जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं गाव आहे. तिथे दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा नावाच्या जीवांची सूक्ष्म कवचं सापडली. 2009 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. डायनासोर संपल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातली ती कवचं आहेत, म्हणजे तेव्हा खारं पाणी इतक्या आत आलं होतं! त्याच काळातल्या, नेदरलँड्समधल्या अशाच कवचांवरून 2019 साली दाखवून दिलं गेलं, की 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी समुद्राचा सामू एकाएकी घसरला होता. त्या अभ्यासाने दोष आपल्या दख्खनच्या लाव्ह्याला न देता मेक्सिकोत आदळलेल्या अशनीला दिला. सीताबर्डीच्या टेकडीचा, त्याच लाव्ह्याचा काळा दगड बघताना मला ते आठवतं.

पण जिवंत कवचाचं काय? अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या एका कालव-बीज केंद्रात 2007च्या सुमारास पिल्लं मरू लागली. आधी जंतूंवर संशय गेला. खरं कारण होतं खोलातून वर येणारं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी. कालवाचं पिल्लू पहिलं कवच पहिल्या दोन-तीन दिवसांत, अंड्यातल्या शिदोरीवर बांधतं. पाण्यात कार्बोनेट कमी असलं, की ती शिदोरी बांधकामातच संपते. आपल्याकडेही पावसाळ्यात आणि त्यानंतर गोवा-कोकणच्या उथळ समुद्रात खालचं, प्राणवायू हरवलेलं पाणी वर सरकतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ते वर्षानुवर्षं मोजलं आहे. ही निसर्गाची जुनीच रीत आहे. मला काळजी वाटते ती तिच्यावर आपण चढवत असलेल्या भाराची.

रत्नागिरीकडे ओहोटीला कातळावर कालवं काढणाऱ्या एका मावशींजवळ मी तासभर बसलो होतो. कोयतीच्या टोकाने त्या वरची शिंप उडवायच्या, मांस वाटीत टाकायच्या. खालची शिंप तशीच दगडाला चिकटलेली राहायची. ती का काढत नाही, असं विचारलं तर हात न थांबवता म्हणाल्या, “ती ठेवायची हो भाऊ. जुन्या शिंपीवरच नवं कालव बसतं.”