हर्णै: वाळूवरचा मासळीबाजार

हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यातले जुने मच्छीमार बंदर दापोलीपासून सुमारे 15 किलोमीटरवर आहे. शेजारच्या पाजपंढरीतल्या कोळ्यांचा संसारही याच बंदरावर चालतो. समोरच्या सुवर्णदुर्गाच्या बेटामुळे बोटींना थोडा आडोसा मिळतो. किनारा मात्र उथळ आहे. मोठी बोट वाळूपर्यंत येऊ शकत नाही आणि इथल्या बाजाराची सगळी रीत त्यातूनच घडली आहे.

बोटी खोल पाण्यात नांगर टाकतात. मासळी लहान होड्यांत उतरवली जाते आणि होडीपासून पुढे बैलगाडीचे काम सुरू होते. गाडीवान बैलांना थेट पाण्यात घालतो आणि टोपल्या भरून वाळूवर आणतो. खारे पाणी आणि ओली वाळू मोटारीला सोसत नाही. बैलगाडीला दोन्ही चालते.

दुपारी चारनंतर लिलावाला रंग चढतो. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा, म्हाकूळ यांचे वेगवेगळे वाटे वाळूवर मांडले जातात. एकेका वाट्याभोवती व्यापाऱ्यांचे कोंडाळे जमते आणि बोली चढत जाते. मोठा माल बर्फात घालून टेम्पोने बाहेर जातो; किरकोळ विक्री कोळणींच्या हाती असते. आलेल्या पैशांतून डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च भागवून तांडेल व खलाशांचा हिशेब करावा लागतो. लहान मासळी उन्हात वाळवून सुकी विकली जाते.

एका दिवसात बंदर पाहायचे तर सकाळ किल्ल्यांसाठी ठेवावी. किनाऱ्यावर गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड हे तीन किल्ले आहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे, तर फत्तेगडावर कोळ्यांची घरे. सुवर्णदुर्गाला होडीने जावे लागते. त्याच्या दरवाजाच्या पायरीवर कासव आणि तटावर मारुती कोरलेला आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे बळकट ठाणे 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांच्या साथीने तुळाजी आंग्र्यांकडून घेतले. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने 1784 मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिलवर सुवर्णदुर्गाच्या नावाचा स्मारक-बुरूज उभारला.

1 जूनपासून यांत्रिक बोटींना पावसाळी मासेमारीबंदी असते. त्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात, जाळी दुरुस्त होतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात. पाऊस ओसरून समुद्र शांत झाला की बाजार पुन्हा भरात येतो. लिलाव पाहायला ऑक्टोबर ते मे हा काळ सोयीचा.