रस्ता आयांनी मागून घेतला

नगररचना शिकणारी माझी भाची कॉलेजच्या अभ्यास सहलीबरोबर नेदरलँड्सला निघाली. कशासाठी? तर सायकलचे रस्ते बघायला! ‘अगं, सायकल बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?’ असं आमच्या सासूबाईंनी विचारलंसुद्धा.

पोरगी परत आली ती वही भरून. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. उट्रेख्त शहराच्या रेल्वे स्टेशनखाली तब्बल साडेबारा हजार सायकली ठेवायची सोय आहे. २०१९ पासून ती पूर्ण सुरू झाली. त्याच शहराजवळ हाउटेन नावाचं गाव आहे. तिथे एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीनं जायचं, तर बहुतेक वेळा गावाबाहेरच्या गोल रस्त्यावर जावं लागतं. सायकल मात्र गावातून थेट जाते. ‘मावशी, गाडीला वळसा आणि सायकलला सरळ वाट!’ भाची सांगत होती. शाळांमध्ये मुलांची वाहतूक नियमांची परीक्षा होते, तीही रस्त्यावर सायकल चालवून. सायकलपुढच्या पेटीत दोन-दोन लेकरं बसवून आया निघतात, आज्या बाजारहाट करतात.

आमच्या महिला मंडळात हे सांगितलं, तर एक मैत्रीण म्हणाली, ‘त्यांच्याकडे पैसा आहे, जमीन सपाट आहे. आपलं काय?’

जमीन सपाट आहे, हे खरंच. पण ती पूर्वीही सपाटच होती! तरी १९५० नंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकलवाला कडेला ढकलला गेला. १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. एका पत्रकाराची चिमुरडी शाळेत जाताना अशीच दगावली. त्यानं १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता, ‘बालहत्या थांबवा’. त्याच नावानं चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्त्ये व्हान पुटेन ही एक तरुण आई होती. पुढे त्या युरोपीय संसदेत निवडून गेल्या. या लोकांनी रस्ते अडवले, तिथे मुलांना खेळू दिलं, सायकलींचे मोर्चे काढले. त्यातच १९७३ मध्ये तेलटंचाई आली आणि काही रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. मोकळा रस्ता कसा दिसतो, ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. मग सरकारही हळूहळू हललं.

म्हणजे बायांनो, त्या वाटा कुणी आयत्या दिलेल्या नाहीत. आयांनी त्या मागून घेतल्यात.

आपल्याकडे मानव विकास योजनेतून कितीतरी तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या. पण सायकल मिळाली तरी रस्ता कुठाय? ट्रक अंगावर येतील या भीतीनं आई सायकल घरात ठेवायला लावते आणि एखादीची शाळाच सुटते. आईची भीती खोटी नाही. पण त्या भीतीपायी शिक्षण मात्र मुलीचं थांबतं.

सगळं गाव बदलायला निघू नका. मुलींच्या शाळेकडे जाणारा एकच रस्ता धरा. सकाळी किती मुली सायकलवर येतात, ते आठवडाभर मोजा. कुठे भीती वाटते, ते मुलींनाच विचारा. मग तो कागद घेऊन दहाजणी नगरपालिकेत जा आणि शाळेच्या वेळेत जड वाहनं बंद ठेवायची, कडेची वाट मोकळी करून द्यायची, एवढंच मागा. दहाजणींच्या सह्या असल्या की कागद सहजासहजी बाजूला पडत नाही.