पच्चीकारीचा तक्ता व गोदाकाठचा अकीक

बीड जिल्ह्यांतील गेवराईकडच्या एका जुन्या वाड्यांत संगमरवरी मेजाचा एक गोल तक्ता आमच्या पाहण्यांत आला. पांढऱ्या शिळेंत वेलबुट्टी बसविलेली आहे. पानें हिरव्या दगडाचीं, फुलें तांबूस अकीकाचीं. घरांत तो ‘निजामशाही काम’ म्हणून ओळखला जातो. अकीक गोदावरीच्या वाळूंत सांपडतो, तेव्हां कामहि गोदाकाठचेंच, असा मालकांचा युक्तिवाद. तो तपासण्यापूर्वीं हें काम होतें कसें, तें सांगणें अवश्य आहे.

आग्र्याचे कारागीर यास पच्चीकारी म्हणतात. (संस्कृतांतील ‘खचित’ शब्द येथें लागू पडतो, पण तो सोन्यांत बसविलेल्या रत्नासहि लागतो, म्हणून त्यावरून या कलेचें प्राचीनत्व सिद्ध करणें धाडसाचें होईल.) प्रथम मकराण्याची शिळा गेरूनें रंगवितात, म्हणजे ओरखडलेली रेघ पांढरी उठून दिसते. रेघेच्या आंत बारीक टांकीनें उथळ खांच खोदतात. रंगीत दगडाचे पातळ काप सराणीवर कुरुंदानें घासून त्या खांचेच्या मापाचे करावयाचे, लुकणानें बसवावयाचे व शेवटीं सर्व पृष्ठ एकत्र घोटावयाचें. संगमरवराचें काठिन्य ३, अकीकाचें ६॥ ते ७. म्हणून शिळा टांकीस वश होते, अकीक मात्र झिजवूनच घडवावा लागतो. सारा वेळ व खर्च तेथेंच जातो.

इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं फर्डिनांड मेडिची यानें १५८८ मध्यें अशा कामाचा कारखाना स्थापिला. तेथील तक्त्यांची भूमि पुष्कळदां काळ्या दगडाची असते व दगडांच्या अंगच्या छटांनींच चित्र साधलेलें असतें. आमचा तक्ता त्या वळणाचा नाहीं. तो आग्र्याच्या वळणाचा आहे. इतिमादुद्दौल्याच्या कबरीपासून (१६२२–२८) ताजमहालापर्यंत जें वळण दिसतें, तेंच येथें आहे.

आतां दक्षिणेचा विचार करूं. छत्रपती संभाजीनगरचा बीबी-का-मकबरा ताजमहालाचा कित्ता गिरवून बांधला. दिलरस बानू १६५७ त वारली व मकबरा १६६१ च्या सुमारास पुरा झाला. त्यांत संगमरवर घुमटास व भिंतींच्या खालच्या भागास आहे. इतरत्र बहुतेक चुन्याचा गिलावा व त्यांतच काढलेली नक्षी. ताजच्या तोडीची पच्चीकारी तेथें नाहीं. गोदावरीपासून इतक्या जवळ बादशाही घराण्यानें जें करविलें नाहीं, तें १६३६ त बुडालेल्या निजामशाहींत घरगुती सामानांत होत असे, असें मानण्यास लेखी पुरावा हवा. शिवाय उंच मेज हें गादी-लोडावर बसणाऱ्यांच्या घरचें सामान नव्हे. आग्र्यास असे तक्ते एकोणिसाव्या शतकांत साहेबलोकांच्या मागणीनें होऊं लागले.

राहिला अकीक. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तो साचतो व पाषाण झिजला कीं ओढ्यानाल्यांतून नदींत येतो, हें खरें. पण दगड फार जुन्या काळापासून फिरते आहेत. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणाहून भडोचेस सुलेमानी दगड मोठ्या प्रमाणांत जात असल्याचें नमूद आहे. दौलताबादी कागदावर लिहिलेली पोथी दौलताबादेसच लिहिली गेली, असें आपल्यापैकीं कोणी म्हणत नाहीं. मग दगडासच निराळा न्याय कां?

एक गोष्ट संग्राहकांच्या कानांवर घालतों. मालकांनीं आम्हांस दाखविण्यापूर्वीं तक्ता चिंचेच्या पाण्यानें घासला होता. अकीकास कांहीं झालें नाहीं, परंतु आम्लानें संगमरवराची झिलई गेली, खांचांच्या कडा खाल्ल्या गेल्या व दोन पानें हलूं लागलीं. तीं पानें जरा उचलून पाहतां रंगविलेल्या लुकणाचीं निघालीं, दगडाचीं नव्हत! कोरडें मऊ फडकें पुरे. आणि खरा तांबडा अकीक ओळखावयाचा तर दिवा जवळ धरावा, तो आंतून उजळल्यासारखा दिसतो.

मालकांस आमचा निर्णय रुचला नाहीं. १६३६ पूर्वींच्या एखाद्या दक्षिणी यादींत वा दप्तरांत मेजाच्या तक्त्यावरील अशा कामाचा उल्लेख कोणाजवळ असल्यास त्यांनीं मितीसह नक्कल पाठवावी. आम्ही मत बदलूं, व मालकांसहि तसें कळवूं.